हेडक्लार्कांचा अंगठा

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कांकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. उंची बेताची, आवाज बेताचा, पगार तर विचारूच नका. पण त्यांची सही बघायला लोक थांबत.

सही करण्यापूर्वी ते बाही जरा वर सारत. शिपाई कागद दोन्ही हातांनी दाबून धरी, कारण पहिल्याच अक्षराला असा काही हिसका असे की सुटा कागद टेबलावरून खाली गेला असता. मग पोट सुटलेलं पहिलं अक्षर, त्याला टेकून बाकीची अक्षरं रांगेत, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी जी खाली उतरायची ती डावीकडे वळून, सगळ्या नावाखालून फिरून, पुन्हा उजवीकडे येऊन एक गाठ मारायची. गाठीखाली दोन टिंबं. एकदा एका नव्या इंजिनियरनं म्हटलं, "साहेब, नाव वाचता येत नाही." हेडक्लार्क म्हणाले, "सही वाचायची नसते, ओळखायची असते." हल्लीची मुलं कुठल्याही झकास गोष्टीला 'सही' म्हणतात. हा शब्दप्रयोग नेमका कुठून सुरू झाला असावा, याबद्दल हेडक्लार्कांची मनातल्या मनात एक समजूत होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, एवढा विनय त्यांच्यापाशी होता.

तर या सहीला मुलीच्या लग्नात दृष्ट लागली.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं, हे मुलीनं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं आधीच ठरवलं होतं. जेवण मागाहून, थोडक्या माणसांत. हेडक्लार्कांची हरकत नव्हती. उलट साक्षीदार म्हणून आपली सही त्या कागदावर कायमची राहणार, नातवंडं-पतवंडं ती बघणार, या कल्पनेनं ते आठ दिवस हवेतच होते. नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायला सगळे गेले. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर आणि नजर त्याच्याही वर. त्यांनी साक्षीदारांचे कागद मागितले, ओळखपत्र समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "नमुन्यासाठी इथं सही करा."

हेडक्लार्कांनी बाही सारली. हिसका दिला. आणि अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. अक्षराचं पोट फुटलं, शेपटी अर्ध्या वाटेत गळून पडली. कागदावर जे उमटलं ते भिंतीवरून पडलेल्या पालीसारखं दिसत होतं.

बाईंनी एकदा ओळखपत्राकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "ही तुमची सही नाही."

"अहो, तुमच्यासमोर केली की आत्ता."

"समोर केली म्हणून तुमची होत नाही. जुळत नाही."

"पेन बरोबर नाहीये."

बाईंनी स्वतःचं पेन दिलं. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट आली. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर छापलं होतं. "नोटीस घेते," त्या म्हणाल्या. "छत्तीस दिवसांनी तारीख देते. त्या दिवशी ओळखपत्रासारखी सही करा, नाहीतर दुसरा साक्षीदार आणा. कुणीही चालतो."

कुणीही चालतो. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या काळजाला हे शब्द कसे लागले असतील, ते ज्याचं त्यालाच माहीत. व्याही शेजारीच उभे होते. ते शाळेत पी.टी.चे मास्तर, छाती पुढे आणि मन तितकंच मोकळं. ते लगेच म्हणाले, "काळजी करू नका, आमचा शाळेच्या गेटवरचा हवालदार आहे ना, येईल तो."

घरी येताना मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मला तुमचीच सही हवीय हं." हेडक्लार्क दाराशी पोचले. खिशातून कुलपाची किल्ली काढली, फिरवायला गेले आणि "आई गं" म्हणून हात झटकला. बायकोनं किल्ली घेतली, मुठीत धरून तळहातानं फिरवली आणि दार उघडलं.

"कधीपासून दुखतोय अंगठा?" तिनं विचारलं.

"कुठं दुखतोय? किल्ली गंजलीय."

दोन दिवसांनी शर्टाची बटणंही गंजली, नळही गंजला, तेव्हा ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी अंगठा धरून मुळाशी जरा दाबला. हेडक्लार्क खुर्चीतून निम्मे उठले. फोटो काढून झाला. डॉक्टर तो उजेडात धरून म्हणाले, "अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. ऑस्टिओआर्थ्रायटिस. वयानं होतो."

"झिजायला तो काय चपलेचा अंगठा आहे?"

"साधारण तसंच समजा," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशनची काही गरज नाही. लावायला जेल देतो, दिवसातून तीनदा. फार दुखलं तरच गोळी. थेरपिस्ट बाईंकडे जा, त्या पट्टा करून देतील, व्यायाम शिकवतील. शेक घ्या. जाड मुठीच्या वस्तू वापरा. एवढं करून भागलं नाहीच, तर सांध्यात इंजेक्शन."

इंजेक्शनचं नाव निघताच हेडक्लार्कांना जरा बरं वाटायला लागलं. "म्हणजे पूर्ण बरा होईल ना छत्तीस दिवसांत?"

"हा बरा होत नाही. बरा ठेवता येतो. आणि सही जरा लहान करा."

नाक जरा लहान करा, असं कुणी म्हटलं असतं तरी त्यांना एवढा राग आला नसता.

आजार ही गोष्ट घरात ठेवण्यासारखी नसते. ठेवली तरी राहत नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये एक विमा एजंट राहत होता. जगातल्या प्रत्येक संकटावर त्याच्याकडे काही ना काही असे. त्याने त्याच संध्याकाळी तांब्याचं कडं आणून दिलं. "घालून विसरून जा," तो म्हणाला. हेडक्लार्कांनी घातलं, पण विसरता येईना, कारण चौथ्या दिवशी मनगट हिरवं झालं आणि अंगठा दुखायचा तो दुखतच होता. एजंट म्हणाला, "हिरवं होतंय म्हणजे आतला रोग बाहेर पडतोय." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी जिन्यात थांबवून सांगितलं की मधमाशी चावून घेतली की सांधे सुटतात. कुणाचे सुटले, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते लगेच तिथून पळाले, म्हणजे सांधे सुटलेच असणार." भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. हेडक्लार्क येता-जाता हात खिशात घालून जिना उतरू लागले. त्यामुळे मुख्याध्यापिकांनी त्यांच्या बायकोला विचारलं, की यांचं हल्ली काही बिनसलंय का.

थेरपिस्ट बाई वयानं लहान, पण शिस्तीच्या. त्यांनी प्लास्टिकचा एक तुकडा गरम पाण्यात मऊ करून हेडक्लार्कांच्या अंगठ्याभोवती आणि मनगटाभोवती गुंडाळला, हातानं आकार दिला आणि गार झाल्यावर काढून कडा घासल्या. झाला पट्टा. अंगठा आत अगदी राजासारखा बसला. "दुखेल असं काम करताना घाला," त्या म्हणाल्या. "एरवी काढून ठेवा आणि हे व्यायाम करा. अंगठ्यानं एकेका बोटाला टेकायचं, गोल करायचा. आणि कोमट पाण्याचा शेक. इथं आम्ही मेणाचा शेकही देतो, आठवड्यातून दोनदा या."

आता, सरकारी माणसाला एखादी गोष्ट अर्धवट करणं जमत नाही. थोडा वेळ घालून फायदा होतो, तर पूर्ण वेळ घालून पूर्ण फायदा होईल, हा हिशेब हेडक्लार्कांनी मांडला आणि पट्टा चोवीस तास हातावर चढवला. त्या पट्ट्यात चार बोटं मोकळी राहत आणि अंगठा वर ताठ उभा राही. ती चार बोटं सवयीनं मुठीत वळली की जे दृश्य दिसे, त्याला आपल्या भाषेत एकच नाव आहे. ठेंगा.

पहिला ठेंगा साहेबांना मिळाला. साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं, "गळतीची फाईल आज येईल ना?" हेडक्लार्क फोनवर होते. 'एक मिनिट' म्हणून त्यांनी हात वर केला. दुपारी त्यांच्या टेबलावर मेमो आला. 'वरिष्ठांनी कामाबाबत विचारणा केली असता आपण त्यांस अंगठा दाखविल्याचे निदर्शनास आले आहे. सदर कृतीचे प्रयोजन काय, याचा लेखी खुलासा स्वाक्षरीसह सादर करावा.' हेडक्लार्कांनी असे शेकडो मेमो स्वतः टाईप केले होते, त्यामुळे भाषेबद्दल त्यांची तक्रार नव्हती, उलट 'प्रयोजन' वाचून जरा कौतुकच वाटलं. त्यांनी दोन पानांचा खुलासा लिहिला, सोबत डॉक्टरांचा कागद जोडला आणि खाली सही केली. फाईल परत आली. शेरा होता: 'खुलासा मान्य. स्वाक्षरी जुळत नाही.'

दुसरा ठेंगा जास्त महागात पडला. रविवारी व्याही चहाला आले. जेवणाच्या पंगतीचा विषय निघाला. "आमच्याकडून शाळेचा सगळा स्टाफ येतो म्हणतोय," व्याही आनंदानं म्हणाले. "चाळीसेक माणसं जास्त होतील. चालेल ना?" हेडक्लार्कांनी नुकताच गरम चहाचा मोठा घोट घेतला होता. तोंड पोळलं होतं. 'थांबा, गिळू द्या' अशा अर्थानं त्यांनी हात पुढे केला.

व्याह्यांनी त्या हाताकडे पाहिलं. कप खाली ठेवला. "बरं," ते म्हणाले. "समजलो." आणि छाती होती त्याहून पुढे काढून निघून गेले. घोट गिळून होईपर्यंत ते जिन्याच्या खाली पोचले होते.

संध्याकाळी, होणाऱ्या नवऱ्याला भेटायला गेलेल्या मुलीचा रडवेल्या आवाजात फोन. "बाबा, तुम्ही त्यांच्या बाबांना ठेंगा दाखवलात?"

"अगं, पट्टा आहे तो."

"मग मूठ का वळलीत?"

मूठ वळते, कारण ती मूठ आहे.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी रजा टाकली. एकतर अंगठा बरा करायचा, नाहीतर हवालदार साक्षीदार होणार. क्लिनिकच्या मेणाचा एक शेक त्यांनी घेतला होता, तो सुखाचा वाटला होता. कोमट मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा, मेणाचा मोजा चढला की टॉवेलात गुंडाळून बसायचं. आठवड्यातून दोनदा कशाला, रोज घरीच का नको? थेरपिस्ट बाईंनी घरी फक्त कोमट पाणी सांगितलं होतं. पण पाण्यात काही शास्त्र आहे असं हेडक्लार्कांना वाटेना. पाणी तर त्यांच्या खात्याचंच. बायको बाजारात गेलेली बघून ते दुकानातून मेणबत्त्या घेऊन आले. पांढऱ्या संपल्या होत्या. दुकानदारानं गुलाबी दिल्या, वासाच्या. तीन डझन.

दुधाच्या पातेल्यात मेण वितळलं. भाजू नये म्हणून त्यांनी ते निवत ठेवलं, आणि भाजण्याची भीती इतकी की चांगलं निवत ठेवलं. वर साय धरली, कडेनं घट्ट होऊ लागलं, तेव्हा त्यांनी पट्टा काढून हात आत घातला. अहाहा. ऊब थेट कोपरापर्यंत गेली. हात लगेच बाहेर काढायचा असतो हे त्यांना आठवत होतं, पण एवढी ऊब वाया कशाला घालवायची?

इतक्यात फोन वाजला. व्याह्यांचा होता.

डाव्या हातानं फोन कानाला लावून हेडक्लार्क ऐकत राहिले. व्याह्यांना बरंच सांगायचं होतं. मोकळ्या मनाचा माणूस दुखावला की तेही मोकळेपणानं सांगतो. त्यांनी सुरुवात आपल्या वडिलांच्या स्वभावापासून केली. मधेच तोडून 'माझा हात मेणात आहे' असं सांगणं हेडक्लार्कांना बरं दिसेना. आधीच एक ठेंगा देऊन झाला होता. ते "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिले. पाऊण तासानं व्याही हलके होऊन म्हणाले, "आता बघा, मनात काही राहिलं नाही," आणि फोन ठेवला.

व्याह्यांच्या मनातलं निघालं, हेडक्लार्कांचा हात निघेना. मनगटाभोवती मेण सिमेंटसारखं बसलं होतं. ओढावं तर अंगठा कळवळे. त्यांनी हात उचलला, तसं पातेलंही उठलं.

बायको पिशवी घेऊन आत आली तेव्हा तिचा नवरा दिवाणखान्याच्या मधोमध उजव्या हाताला दुधाचं पातेलं लावून उभा होता, घरभर गुलाबाचा वास दरवळत होता, आणि विमा एजंट हातोडी घेऊन पातेल्याला नक्की कुठं मारायचं ते शोधत होता.

"खाली ठेवा ती," ती एजंटला म्हणाली. त्यानं ठेवली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आज तुमची थेरपीची वेळ आहे ना? चला."

"असा?"

"मग काय पातेल्याला घरी ठेवून येणार?"

पातेल्यावर टॉवेल टाकून ते भाड्याच्या गाडीत बसले. ड्रायव्हरनं आरशातून पाहून विचारलं, "दूध आहे का? सांडू नका." दवाखान्यात रांगेतल्या लोकांनी उठून जागा दिली. हेडक्लार्कांना आयुष्यात प्रथमच न मागता जागा मिळत होती, पण ती घेण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

थेरपिस्ट बाई हसल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या एवढंच. मग त्यांनी मोठ्या टबात गरम पाणी घेतलं, पातेलं त्यात ठेवलं आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, जरा कडा दाबत राहा, मेण सुटेल." बायको दोन्ही तळव्यांनी मेण दाबू लागली. हळूहळू हात सुटला. गुलाबी, मऊ, आणि तान्ह्या बाळासारखा. पण थेरपिस्ट बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

"ताई, तुमचे हात बघू."

"माझे कशाला?" बायकोनं हात पदरात घेतले.

"बघू तर."

बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी आल्या होत्या. तर्जनी जराशी एका बाजूला कललेली. हेडक्लार्कांनी हे हात तीस वर्षं रोज पाहिले होते. म्हणजे त्यांची तशी समजूत होती.

"किती वर्षं झाली?" थेरपिस्ट बाईंनी विचारलं.

"होतील नऊ-दहा."

"आणि दुखत नाहीत?"

"सकाळी आखडतात. म्हणून मी उठल्याउठल्या गरम पाण्यात भांडी घासते. बरं वाटतं. उलथन्याच्या दांड्याला कापड गुंडाळलंय, जाड धरायला सोपं जातं. झाकण रबरी मोज्यानं उघडते. पिशवी बोटांत धरत नाही, कोपरात अडकवते. किल्ली तळहातानं फिरवते." ती जरा थांबली. "आणि दूरदर्शन बघताना बोटं अशी एकेक टेकवत बसते. हे मग म्हणतात, काय गं हिशेब करतेस."

थेरपिस्ट बाईंनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. "मी तुम्हाला जे जे कागदावर लिहून दिलं, ते सगळं यांनी सांगितलं. तेही कुणी न शिकवता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण हेडक्लार्कांनी शाळेत पाच गुणांसाठी लिहिली होती. तिचा अर्थ त्यांना आत्ता, गुलाबी हात टॉवेलला पुसताना कळला. कापड गुंडाळलेल्या उलथन्याला ते 'पागोटं घातलेलं उलथनं' म्हणून पाहुण्यांसमोर हसत असत. दहा वर्षं. पाहुणेही हसत. बायकोही हसायची.

"मला बोलली का नाहीस?" त्यांनी गाडीत विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि खरं सांगू, पहिल्या वर्षी एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, किल्ली गंजली असेल."

घरी पोचल्यावर हेडक्लार्कांनी तशीच राहिलेली बाजाराची पिशवी कोपरात अडकवून स्वयंपाकघरात नेली आणि चहा स्वतः टाकला. तो बरा झाला नव्हता. दोघांनी प्यायला.

त्या दिवसापासून घरात दोन पट्टे आले, जेलच्या दोन ट्यूबा आल्या, आणि सकाळी एकाच टबात कोमट पाण्यात चार हात बुडू लागले. आधी दहा मिनिटं मुकाट्यानं, मग गप्पा सुरू झाल्या, मग पाणी गार झालं तरी उठवेना. हेडक्लार्कांनी पट्टा फक्त लिहिताना आणि कपडे पिळतानाच घालायचा, मूठ वळायची नाही, हे पथ्य सांभाळलं. भांडी घासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, पण बायकोनं ते परत घेतलं. "त्यात माझं औषध आहे," ती म्हणाली, "शिवाय तुम्ही घासलेली मला पुन्हा घासावी लागतात." शेवटी अर्धी-अर्धी वाटणी झाली. व्याही समेट करायला आले, तर या दोघांचे चार हात हवेत बोटं टेकवत होते. सगळा प्रकार ऐकल्यावर ते एवढे हसले की वरून मुख्याध्यापिकांनी खाली डोकावून कुणाला मधमाशी चावली का विचारलं. पी.टी.चे मास्तर असल्यामुळे त्यांनी व्यायामाला आकडे घालून दिले. एक, दोन, तीन, चार. चाळीस माणसंही तिथल्या तिथे मंजूर झाली.

सहीचं मात्र अजून बाकी होतं. "लहान करा," बायको म्हणाली.

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"मग दोघं शहाणी माणसं एकच सांगतायत."

पेनाला स्पंजची नळी चढवून हेडक्लार्क टेबलाशी बसले. नुसतं नाव, साधं, जसं बोर्डावर असतं तसं. हिसका नाही, शेपटी नाही. पहिल्या दिवशी त्यांना आरशासमोर दाढी करताना मिशीही गेल्यासारखं वाटलं. आठव्या दिवशी सवय झाली. मग ते ओळखपत्रावरची सही बदलायला गेले. अर्जावर दोन चौकटी होत्या, 'जुनी सही' आणि 'नवी सही'. तिथल्या कारकुनानं जुनीच्या चौकटीकडे बोट दाखवलं. "ही जुळत नाही."

"जुळत नाही म्हणूनच बदलतोय."

"न जुळणारी सही बदलता येत नाही, साहेब. आधी जुळवा, मग बदला."

हेडक्लार्कांना रागाऐवजी भरून आलं. इतकं शुद्ध उत्तर त्यांनी स्वतःही कधी दिलं नव्हतं. शेवटी एक पोटनियम निघाला: डॉक्टरांचा दाखला जोडून जुन्या सहीच्या जागी अंगठा. ज्यांनी आयुष्यभर नळजोडणीच्या अर्जावर लोकांचे अंगठे घेतले, 'अंगठाबहाद्दर आले' असं मनात म्हणत शाईचा बोळा पुढे केला, त्यांनी शाईत अंगठा बुडवला. कारकुनानं तो अलगद धरून, न दाबता, कागदावर टेकवला. "आपण अंगठे घेताना किती दाबायचो," हे हेडक्लार्कांना तिथं आठवलं, आणि पुढल्या सोमवारपासून त्यांच्या कार्यालयात बोळ्यासोबत बसायला एक खुर्चीही ठेवली गेली.

नवं ओळखपत्र तारखेच्या चार दिवस आधी आलं.

छत्तिसाव्या दिवशी सगळे खिडकीसमोर उभे राहिले. मुलगी निळ्या साडीत. जावई घामाघूम. व्याह्यांनी शिट्टी खिशात ठेवली होती, सवयीनं, आणि मागे त्यांच्या शाळेचा सगळा स्टाफ. मुलीनं सही केली, जावयानं केली, व्याह्यांनी केली. मग बाईंनी कागद हेडक्लार्कांकडे सरकवला. अंगठा दुखत नव्हता. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना अंगठा आहे हे आठवावं लागत होतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. हेडक्लार्कांचा ऊर असा काही भरून आला की हात आपोआप बाहीकडे गेला. हिसका बसला. पोट सुटलेलं अक्षर आलं, त्याला टेकून बाकीची अक्षरं आली, शेपटी खाली उतरली, डावीकडे वळली, सगळ्या नावाखालून फिरून उजवीकडे आली आणि गाठ मारून थांबली. दोन टिंबं. इतकी देखणी सही त्यांच्या हातून पस्तीस वर्षांत झाली नव्हती.

बाईंनी नव्या ओळखपत्राकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि चष्मा काढला.

"ही तुमची सही नाही," त्या म्हणाल्या.

आधी बायको हसली. मग मुलगी. मग व्याही, आणि ते हसले म्हणजे मागची रांगही हसली. हेडक्लार्कांनी मान खाली घातली, पण हसू त्यांनाही आवरेना. "बाई, चुकलं," ते म्हणाले. "हात बरा झालाय, त्याचा हा परिणाम."

"नवा फॉर्म भरावा लागेल. सगळ्यांना पुन्हा सह्या."

नवा फॉर्म भरला गेला. सगळ्यांनी पुन्हा सह्या केल्या. बायकोनं आपल्या पर्समधून स्पंज लावलेलं पेन काढून दिलं आणि ती त्यांच्या कोपराला हात लावून उभी राहिली, शाळेत पहिल्या दिवशी पोराच्या शेजारी आई उभी राहते तशी. हेडक्लार्कांनी साधं नाव लिहिलं. वाचता येत होतं. बाईंनी शिक्का मारला. लग्न झालं.

"तो आधीचा कागद मला मिळेल का?" मुलीनं विचारलं.

"रद्द कागद पक्षकाराला देता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या सहीकडे पुन्हा एकदा, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद न चुरगाळता, दुमडून, हात लांब करून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ठेवलेल्या टोपलीत टाकला. "रद्द कागद टोपलीत जातात. टोपलीतून पुढे कुठं जातात, ते आमच्या विभागाकडे येत नाही. पुढचं कोण आहे?"

मुलीनं वाकून कागद उचलला. साडीला पुसला. जिना उतरताना ती आणि जावई पुढे होते आणि व्याही मागच्या चाळीस माणसांना वाटेतच ओळीत उभं करत होते. हेडक्लार्क बायकोबरोबर सावकाश उतरत होते.

"दुखतंय का आता?" तिनं विचारलं.

"थोडंसं. त्या पहिल्या सहीनं."

"मग कशाला करायची?"

"झाली," ते म्हणाले. "तुझे कसे आहेत आज?"

तिनं बोटं उघडून, मिटून पाहिली. "आज बरे आहेत," ती म्हणाली, आणि जिन्याचा कठडा सोडून तिनं त्यांचा दंड धरला.